ढेकण्याचा वास आणि माझी डांबरगोळी



भाद्रपद सरत आला, हळवे भात निसवले, की सकाळच्या वेळी एकदा खाचराच्या बांधावर उभे राहा आणि नाकाने पाहा. हो, नाकानेच. लोंबीत दूध भरू लागले असेल आणि वाऱ्यावर तो उग्र, हिरवट, डोक्यात जाणारा वास आला, तर समजा की पाहुणे आले आहेत. दिसायच्या आधी त्यांचा वास येतो. हा लोंबीवरचा ढेकण्या. बोटाच्या पेराहूनही लहान, सडपातळ, लांब तंगड्यांचा, हिरवट-तपकिरी. दुधाळ दाण्यात सोंड खुपसून दूध शोषतो आणि मागे ठेवतो पळींज. झोडणीच्या दिवशी सूप हातात घेतल्यावर जेव्हा निम्मे दाणे वाऱ्याबरोबर उडून जातात, तेव्हा घरातल्या बाईला कळते की सप्टेंबरात आपल्या भाताचे दूध कोण पिऊन गेले.

या किड्याच्या वासाने मला एकदा शहाणपण शिकवले आणि एकदा चांगले तोंडावर पाडले. तीच हकिगत आज सांगणार आहे. मी दापोलीहून शेतकीची पदवी घेतलेला, विस्ताराच्या नोकरीत केस पांढरे झालेला माणूस. नोकरीतली बरीच वर्षे जव्हार-मोखाड्यात गेली. तेव्हा हा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा झाला तो २०१४ साली.

गोष्ट १९९५ सालची. नोकरीत नवा होतो, अंगात पदवीचा ताठा होता. खोडाळ्याच्या पलीकडे एका पाड्यावर गेलो, तर एका खाचरात चार-पाच काठ्या रोवलेल्या आणि प्रत्येक काठीच्या टोकाला सुतळीने एकेक मेलेला खेकडा बांधलेला. वास असा की माझा रुमाल आपोआप नाकाशी गेला. खाचराची मालकीण कोकणा समाजातली, चाळिशीची बाई. तिला मी विचारले, "हे काय तोरण लावलंय?" ती म्हणाली, "सायेब, वाईच जवळ जाऊन बघ ना." आमच्या डोंगरात साहेबालाही तू म्हणतात, आणि त्यात उणेपणा काही नसतो. मी जवळ गेलो. कुजक्या खेकड्यावर आणि त्याच्या आजूबाजूच्या लोंब्यांवर ढेकण्यांची गर्दी. बाई संध्याकाळी येते, गोणपाटाची झोळी खाली धरते, काठी हलवते आणि गोळा झालेले ढेकणे चुलीत घालते. सासूने शिकवले होते, सासूला तिच्या सासूने.

मी काय केले? हसलो. आणि कार्यालयातून बीएचसी भुकटीची थैली आणून दिली. फडक्याच्या पुरचुंडीतून धुरळणी कशी करायची ते स्वतः करून दाखवले. दुसऱ्या दिवशी ढेकण्या पडला, हे खरे. तिसऱ्या दिवशी पावसाची मोठी सर आली आणि भुकटी खाचरातून खालच्या खाचरात, तिथून ओहोळात गेली. आठवड्याने मी गेलो तेव्हा बाई बांधावर बसली होती. तिने ओहोळाकडे बोट दाखवले. कडेच्या गवतात खेकडे उताणे पडले होते, बारीक मासे पांढरे होऊन तरंगत होते. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "ढेकण्या गेला सायेब, पण कोरड्यास पण गेलं."

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. आमच्या या भागात पावसाळ्याचे चार महिने घरात डाळ असेलच असे नाही, भाजी असेलच असे नाही. ओहोळातला खेकडा आणि खाचरातला मासा हाच नागलीच्या भाकरीबरोबरचा आधार. पोरांच्या अंगाला जे काही मांस धरते ते त्यावर. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीला कुपोषणाने मुले दगावली आणि सारा महाराष्ट्र हादरला, त्याला दोन-तीन वर्षेच झाली होती. त्या पाड्यावर तीन महिन्यांचे कोरड्यास मी पुरचुंडीतून धुरळून टाकले होते. पुढे १९९७ साली देशात बीएचसीवर बंदी आली. त्यानंतर आम्ही मिथिल पॅराथिऑनची भुकटी सांगत होतो. तिच्यावरही २०१८ साली बंदी आली. सरकारी कागदावर बंदी यायला वर्षे लागतात, ओहोळाला ते आठ दिवसांत कळते.

असो. बदल्या होत गेल्या, आणि २०२१ साली मी पुन्हा मोखाड्याकडे आलो. मुद्दाम त्या पाड्यावर गेलो. बाई आता म्हातारी झाली होती, मीही तिला मावशी म्हणू लागलो. खाचरात काठ्या होत्या, काठ्यांवर खेकडे होते. या वेळी मी हसलो नाही. मनात मात्र एक प्रश्न घर करून बसला. ढेकण्या वासावर येतो, हे मावशीच्या सासूच्या सासूला ठाऊक होते. मग तो वास नेमका कशाचा? ढेकण्याच्या स्वतःच्या अंगाला जो वास येतो, त्यात दुसऱ्या ढेकण्याला बोलावणारे काही असेल का? ते सापडले, तर खेकड्याऐवजी एक लहानशी गोळी काठीला टांगता येईल आणि खेकडा पोरांच्या ताटात जाईल.

हा प्रश्न वेडगळ नव्हे. फळमाशीचे सापळे तुमच्यापैकी पुष्कळांनी आंब्याला लावले असतील. त्याची सुरुवात आपल्याच देशात झाली. बिहारमध्ये पुसा येथे सरकारी शेती संस्थेत हॉवलेट नावाचे कीटकतज्ज्ञ होते. त्यांच्या शेजाऱ्याने डास येऊ नयेत म्हणून रुमालावर सिट्रोनेलाचे, म्हणजे एका सुगंधी गवताचे तेल शिंपडले, तर डास राहिले बाजूला आणि फळमाश्याच रुमालावर येऊ लागल्या. हॉवलेट यांनी त्यावर १९१२ साली लिहिले आणि १९१५ साली मिथिल युजेनॉल या द्रव्याने नर माश्या खेचल्या जातात हे दाखवून दिले. आज आपल्या दापोली विद्यापीठाच्या 'रक्षक' सापळ्यात तेच द्रव्य असते. तुळशीच्या पानातही ते असते, म्हणून ठेचलेल्या तुळशीवर फळमाशी घोंगावते. काकडी, कारली, दुधी यांची माशी वेगळी, तिला क्यूल्यूर लागते. आंब्याची गोळी काकडीच्या मांडवात लावून 'सापळा चालत नाही' म्हणणारे मी दर वर्षी पाहतो.

ज्या वासाने किड्यांचे नर-मादी एकमेकांना हाक मारतात, त्याची पहिली रासायनिक ओळख पटली १९५९ साली. जर्मनीतील बुटेनांट यांनी रेशीमकिड्याच्या पतंगावर काम केले. त्यासाठी सुमारे ५ लाख माद्यांच्या शेपटाकडच्या ग्रंथी गोळा कराव्या लागल्या आणि जवळजवळ २० वर्षे गेली. हाती आले काही मिलिग्रॅम. आता यंत्रे इतकी नाजूक झाली आहेत की पाच-पन्नास किड्यांवर भागते. पण त्या नाजूकपणाची दुसरी बाजू मला तेव्हा ठाऊक नव्हती.

मुंबईतील एका प्रयोगशाळेतील मंडळींशी ओळख काढली. ते म्हणाले, नमुना पाठवा, पाहू. एवढेच ऐकले आणि मी कामाला लागलो. नमुना कसा पाठवायचा, हे विचारलेच नाही. पस्तीस वर्षांपूर्वी कीटकशास्त्राच्या तासाला किडे मारून टाचणीला टोचलेला माणूस मी. मला कोण शिकवणार!

२०२२ सालचा सप्टेंबर. मावशीच्या नातवंडांना सांगितले, ढेकणे पकडा. पोरांनी तासाभरात पकडून आणले, चिमटीत धरून, आणि ठेवले कशात, तर वेफरच्या रिकाम्या पाकिटात. मी ते इंजेक्शनच्या रबरी बुचाच्या बाटलीत भरले. बाटली आधी औषधाच्या स्पिरिटने धुतली होती, स्वच्छता म्हणून. वर शाईच्या पेनने नाव लिहून चिकटपट्टी लावली. दोन दिवस सुट्टी आली, तेव्हा बाटली घरच्या कपाटात ठेवली. चौथ्या दिवशी पार्सलने रवाना केली.

महिन्याने फोन आला. प्रयोगशाळेतील संशोधक बाई, माझ्या मुलीच्या वयाची. आदबीने बोलली, पण बोलली ते असे : "सर, तुमच्या नमुन्यात ढेकण्या कमी आहे आणि तुम्हीच जास्त आहात."

तिने एकेक वाचून दाखवले. सगळ्यांत मोठा खुणेचा डोंगर नॅप्थॅलीनचा, म्हणजे डांबरगोळीचा. कपाटात गरम कपड्यांत सौभाग्यवतींनी डांबरगोळ्या ठेवल्या होत्या; त्यांचा वास रबरी बुचातून आत शिरला आणि रबरात मुरला. त्याखालोखाल स्पिरिट. मग प्लॅस्टिक मऊ करण्यासाठी कारखान्यात घालतात ती द्रव्ये. मग केसांच्या सुवासिक तेलातले अत्तर, पोरांच्या की माझ्या कोण जाणे. कांदा-लसणाच्या मसाल्याचे गंधकाचे वास, ते वेफरच्या पाकिटातून. आणि या सगळ्याच्या तळाशी कुजलेल्या किड्याची घाण, कारण चार दिवस बाटली उन्हाळ्यासारख्या उकाड्यात प्रवास करत होती. ढेकण्याचा स्वतःचा वास? तो होता की नव्हता, हे सांगता येण्यासारखे राहिले नव्हते.

एक हंगाम गेला. भाताचे दूध वर्षातून पंधरा-वीस दिवस. चुकला की पुढच्या भाद्रपदाची वाट पाहायची. मावशीला सांगायला गेलो, तर ती हसली. १९९५ साली मी हसलो होतो त्याची फेड झाली असे मी समजलो.

आता वासाचे हे यंत्र काम कसे करते ते थोडक्यात सांगतो, म्हणजे माझी चूक तुमच्याही ध्यानात येईल. त्यात ३० मीटर लांबीची, आतून पाव मिलिमीटर रुंदीची एक नळी वेटोळे करून भट्टीत ठेवलेली असते. वासाचे मिश्रण एका टोकाला सोडतात आणि भट्टी हळूहळू तापवतात. जत्रेला निघालेल्या माणसांसारखे असते ते : हलका, चपळ पोरगा पुढे पळतो, म्हातारा रेंगाळतो, कोणी ओळखीच्या दुकानाशी थबकतो. मिश्रणातला एकेक घटक असाच वेगवेगळ्या वेळी दुसऱ्या टोकाला पोचतो. तिथे त्याचे तुकडे केले जातात आणि तुकड्यांच्या वजनावरून तो कोण ते ओळखतात, जसे तुम्ही खापरी पाहून मडके कोणत्या घाटाचे ते सांगता. या यंत्राला ढेकण्या आणि डांबरगोळी यांत भेदभाव नाही. बाटलीत जे असेल ते सगळे ते प्रामाणिकपणे लिहून देते. प्रामाणिक साक्षीदारापुढे गबाळा माणूस उघडा पडतो, तसे माझे झाले.

पुढच्या वर्षी त्या बाईंनी मला शिकवले आणि मी वहीत लिहून घेतले. बाटल्या त्यांनीच पाठवल्या : काचेच्या, भट्टीत तापवून वास घालवलेल्या, प्रत्येकीला ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची गुंडाळी. रबर नाही, प्लॅस्टिक नाही. झाकणाच्या आत वास न धरणारा टेफ्लॉनचा पांढरा पापुद्रा. चिमटा स्टीलचा. लिहायला शिसपेन्सिल, कारण शाईलाही वास असतो. किडे मारायला क्लोरोफॉर्म, इथिल ॲसिटेट काही म्हणजे काही वापरायचे नाही. आमच्या शिक्षणात किडा मारण्याची बाटली हे पहिले हत्यार. इथे तेच वर्ज्य. कारण मारण्याचे द्रव्यच मग नमुन्यात दिसते. किडा मारायचा तो थंडीने.

आणि एक गोष्ट तिने सांगितली ती मला फार मोलाची वाटली. ढेकण्याला चिमटीत धरला की तो घाबरतो आणि अंगातला उग्र दर्प सोडतो. तो शत्रूला पळवण्यासाठी असतो. आपल्याला हवी आहे ती त्याची हाक, आणि आपण टिपून आणतो त्याची किंकाळी. मधमाशीचेही तसेच. एकीने डंख मारला की डंखाबरोबर एक वास सुटतो, पिकल्या केळ्यासारखा, आणि बाकीच्या त्याच जागेवर तुटून पडतात. पोळे काढणाऱ्या माणसांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. शास्त्रज्ञांनी त्या द्रव्याचे नाव १९६२ साली सांगितले.

२०२३ सालचा सप्टेंबर उजाडला. मावशीच्या खाचरात लोंब्या दुधात आल्या. आदल्या रात्री मी अंगाला साबण लावला नाही, दाढीनंतरचे पाणी लावले नाही, डोक्याला तेल नाही. पहाटे पाड्यावर पोचलो आणि माझी तंबाखूची डबी मावशीच्या हवाली केली. ती म्हणाली, "देवाला जायचंय काय?" सोवळे म्हणावे असाच प्रकार होता खरा.

पहाटेची वेळ मुद्दाम घेतली होती. दव असते, गारवा असतो, ढेकण्या मंद असतो. ऊन चढले की चपळ होतो आणि भर दुपारी चुडाच्या बुडाशी लपतो. पोरांना बजावले होते की बोट लावायचे नाही. बाटलीचे तोंड लोंबीखाली धरायचे आणि गवताच्या काडीने हळूच टिचकी द्यायची. तो आपण होऊन आत पडतो. दोन तासांत चार बाटल्या झाल्या. एका पोराच्या हातून एक ढेकण्या बाटलीच्या काठावर चिरडला. मी ती बाटली टाकून देणार होतो, पण तिच्यावर तसे लिहून ठेवली. पाचव्या बाटलीत नुसत्या लोंब्या घातल्या, किडा नाही. कारण भातालाही स्वतःचा वास असतो. आणि सहावी बाटली खाचराच्या मध्ये उघडली, आम्ही काम करत होतो तितका वेळ तशीच धरली आणि रिकामी बंद केली.

या रिकाम्या बाटलीची मावशीला फार मौज वाटली. "यात काय घेतलंस?" "काही नाही." "मग कायला बंद केलीस?" मी म्हटले, मावशी, मागच्या वर्षी ही असती तर डांबरगोळीची चोरी कळली असती. या बाटलीत जे सापडेल ते ढेकण्याचे नव्हे, आपले. ते बाकीच्यांतून वजा करायचे. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे धान मोजताना पायलीचं माप आधी रिकामं बघायचं, तळाला डिंक लावलाय का, तसं." पदवीच्या चार वर्षांत मला इतक्या थोडक्यात कोणी सांगितले नव्हते.

थंडीचा प्रश्न उरला होता. प्रयोगशाळेत कोरडा बर्फ वापरतात, उणे ७८ अंशांचा. तो मोखाड्यात कुठला? आरोग्य केंद्रातील सिस्टरने लसीचा डबा देऊ केला, पण लसीच्या डब्यात २ ते ८ अंश असते. तेवढ्याने किडा गोठत नाही. मग आठवला कुल्फीवाला. बर्फाचे तीन भाग, जाडे मीठ एक भाग. या मिश्रणाचा पारा शून्याखाली पंधरा-वीस अंशांपर्यंत उतरतो, म्हणून तर त्याची कुल्फी गोठते. जव्हारच्या बाजारातील एका कुल्फीवाल्याचे मडके आणि डबे दिवसाच्या भाड्याने घेतले. तो विचारत होता, कोणाकडे लग्न आहे? पत्र्यात गुंडाळलेल्या बाटल्या स्टीलच्या डब्यात, डबा मीठ-बर्फात, मडके लाकडी खोक्यात आणि भोवती भाताचे तूस ठासून. तुसासारखे थंडी धरून ठेवणारे दुसरे स्वस्त काही नाही.

शिवाय त्यांना जिवंत ढेकणेही हवे होते. जिवंत किड्यांच्या बरणीतून स्वच्छ, कोळशातून गाळलेली हवा सोडतात आणि ती हवा बाहेर पडताना तिच्यातला वास एका बारीक नळीत टिपून घेतात. किडा मरत नाही, घाबरत नाही, आणि हाक ऐकू येते. त्यासाठी काचेच्या बरणीत ओल्या लोंब्या ठेवून बारा ढेकणे सोडले. तोंडाला नुसत्या पाण्यात उकळून घेतलेले मलमल बांधले. या वेळी पार्सल नाही. खोक्यासह मी स्वतः निघालो, खोडाळ्याहून जीपने कसारा आणि तेथून लोकल. गाडीत शेजारच्या बाईने विचारले, बरणीत काय आहे? मी सांगितले. ती उठून दुसऱ्या बाकावर बसली. प्रयोगशाळेत पोचेतो बारांपैकी नऊ जिवंत होते, आणि मडक्यात बर्फाचे खडे अजून शिल्लक होते.

उत्तर डिसेंबरात आले. पहिली बातमी रिकाम्या बाटलीची : जवळजवळ कोरी. मला त्या एका ओळीचा जितका आनंद झाला तितका नोकरीतल्या बढतीचा झाला नव्हता. मग बाकीच्या. चिरडलेल्या ढेकण्याच्या बाटलीत त्या उग्र दर्पाच्या अल्डिहाइडांचे डोंगर उभे. न दुखवलेल्यांच्या बाटल्यांत तेच टेकाडाएवढे, आणि त्यांच्यामागे एरवी झाकून गेली असती अशी एस्टरांची लहान पण स्पष्ट शिखरे. संशोधक बाईंनी सांगितले की, जपानमध्ये भातावरच्या याच घराण्यातील दुसऱ्या जातीवर असेच काम होऊन १९९६ साली ते प्रसिद्ध झाले; तिथे एक एस्टर आणि एक अल्कोहोल यांच्या मिश्रणाकडे शेतात नर ढेकणे आले. आमच्या शिखरांतले कोणते ढेकण्याला खरोखर कळते, हे पाहण्यासाठी आता ढेकण्याची मिशीच यंत्राला जोडतात. किड्याचे नाक म्हणजे त्याची मिशी. जो वास मिशीला पोचतो त्या वासाला यंत्रात झटका दिसतो. त्यानंतर गोळी करायची, ती खाचरात लावायची, एक नव्हे दोन-तीन हंगाम. नावांची यादी हाती आली म्हणून सापळा झाला असे नव्हे, आणि तसे कोणी तुम्हांला विकायला आले तर पैसे देऊ नका.

तुम्हांला लगेच उपयोगी पडेल ते एवढेच. कीड ओळखण्यासाठी आमच्याकडे नमुना आणत असाल, तर किडा स्पिरिटमध्ये घातलेला चालतो. रोगट पान कागदात गुंडाळलेले चालते. पण नमुना कशासाठी हवा आहे ते आधी विचारा, कारण एका कामासाठी जी स्वच्छता ती दुसऱ्या कामात घाण ठरते. कामगंध सापळ्याची गोळी घरात आणली की ती रॉकेलच्या कॅनशेजारी, कीटकनाशकाच्या बाटलीशेजारी किंवा खुंटीवरच्या तंबाखूच्या पिशवीत ठेवू नका. लावेपर्यंत पाकीट फोडू नका, थंड जागी ठेवा, आणि फवारणी केलेल्या हाताने तिला शिवू नका. एकाच सापळ्यात दोन पिकांच्या गोळ्या घालण्याची काटकसर करू नका. ढेकण्याच्या बाबतीत बांधावरचे गवत भात निसवण्याआधी काढा, कारण भात दुधात येईतो तो गवतावरच दिवस काढतो. आणि शेजाऱ्याशी बोलून एका वाणाचे भात एकदम निसवेल असे लावा. साऱ्या शिवारात एकटे तुमचे खाचर दुधात असले, तर सगळे ढेकणे तुमचेच पाहुणे.

परवा पाड्यावर गेलो होतो. मावशीची काठी तशीच उभी, खेकडा तसाच. मी म्हटले, मावशी, गोळी यायला अजून वेळ आहे. ती म्हणाली, "मला काय घाई नाय. खेकडा हाय की." प्रयोगशाळेने परत दिलेल्या बाटल्यांपैकी एक मी तिला नेऊन दिली होती. तीत आता ती नागलीचे बी ठेवते. झाकण उघडून तिने मला वास दिला, आणि माझ्या हाताकडे पाहून पटकन बंद केले. तंबाखू मळून झाली होती माझी.